साठ घरांच्या वस्तीचं सांडपाणी: मशीन घ्यावं, शोषखड्डे करावेत की खडीचा वाफा?

ओढ्यावरची_आळी:

नमस्कार मंडळी. आमची वस्ती साठेक घरांची, माणसं धरा तीनशे. निम्म्या घरांना सेप्टिक टाक्या आहेत, पण टाकीतून सुटणारं पाणी थेट उघड्या गटारात. न्हाणीचं, स्वयंपाकघराचं, कपडे धुतलेलं पाणीही त्यातच. हे गटार ओढ्याला मिळतं आणि खालच्या अंगाला ओढ्याकाठी दोन विहिरी आहेत. त्यातली एक पिण्याची.

आता सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं ठरलंय आणि लगेच तीन तट पडलेत. पहिल्यांना ब्लोअरने हवा सोडून पाणी साफ करणारं तयार मशीन हवंय, माहितीपत्रकातलं स्वच्छ पाणी बघून ते खूश आहेत. दुसरे म्हणतात, घरोघरी शोषखड्डे खणा आणि विषय संपवा. तिसऱ्या तटात मी आणि आणखी दोघे: खडीचा वाफा करायचा, त्यात झाडं लावायची, पाणी मुळांतून गाळून सोडायचं. ओढ्याच्या वर साधारण आठशे चौरस मीटर पड जमीन मिळू शकते. वस्तीपासून ती दोन पुरुषउंची तरी खाली आहे. वीज आहे, भरवसा नाही.

तिन्हीपैकी काय टिकेल? वाफ्याने डास आणि वास वाढतो का? आणि निघालेलं पाणी शेताला चालेल का? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं, माहितीपत्रकं आमच्याकडे पुष्कळ झालीत.

गाळमास्तर:

दादा, अशा लहान वस्त्यांची सांडपाणी साफ करायची केंद्रं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यावरून हे नाव पडलं. (मी नाही ठेवलं.) तुमच्या पोस्टमध्ये पाणी, जागा, वीज, वास, डास सगळं आहे. गाळाचं नाव नाही. तिन्ही पर्यायांचं बरंवाईट त्याच्यावरच ठरणार आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सेप्टिक टाकीत पाणी दिवस-दीड दिवस शांत राहतं. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर साय धरतं, मधलं पाणी पुढे जातं. तरंगती घाण निम्म्याहून जास्त अडते, पण विरघळलेली बहुतेक तशीच सुटते. बीओडी, म्हणजे घाण खाताना सूक्ष्मजीव पाण्यातला किती प्राणवायू ओढतील त्याचं माप, तो 30 ते 50 टक्केच उतरतो. रोगजंतूंचं तर फारसं काही बिघडत नाही. 'आमच्याकडे टाकी आहे, आमचं पाणी चांगलंच असतं' असं जे म्हणत असतील, त्यांना एकदा आउटलेटचा वास घ्यायला लावा.

तळाचा गाळ कुजून आटतो, पण संपत नाही. माणशी वर्षाला 30 ते 40 लिटर धरतात. तीनशे माणसांचा झाला 9 ते 12 हजार लिटर, दर वर्षी. तुम्ही तो काढला नाहीत तर तो आपणहून निघतो आणि पुढे जे काही बांधलं असेल त्यात जाऊन बसतो. शोषखड्डा असेल तर त्याच्या भिंती लिंपतो. वाफा असेल तर सुरुवातीच्या दोन-चार मीटरमधली खडी बुजवतो. मग पाणी खडीतून जायचं सोडून वरून वाहू लागतं, वास सुटतो, डास होतात आणि लोक म्हणतात, वाफ्याची पद्धतच फसवी. बंद पडलेला वाफा दाखवायला मला कुणी नेलं की मी आधी वरच्या टाकीचं झाकण उघडायला सांगतो. बहुतेक वेळा खाली वाफ्याकडे जायची गरजच पडत नाही.

आता तुमचे आकडे. माणशी दिवसाला 80 लिटर धरले तर 24 हजार लिटर, म्हणजे 24 घनमीटर. हा अंदाज आहे, खरा आकडा तुम्हीच मोजायचा: गटाराच्या तोंडाशी पाईप अडवा, खाली वीस लिटरची बादली धरा, घड्याळ लावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाला. सरासरी 24 घनमीटर असेल तर बादली सव्वा मिनिटाच्या आत भरेल. सकाळी अर्ध्या मिनिटात भरेल, मध्यरात्री नुसती ठिबकेल. हा चढउतार लहान वस्तीत फार तीव्र असतो आणि मशीनवाले तो कधी सांगत नाहीत.

दिवसाचं पाणी 24 घनमीटर आणि दोन वर्षांच्या गाळाला 18 ते 24 घनमीटर जागा, म्हणजे सामाईक टाकी 50 घनमीटरच्या आसपास. दोन कप्पे, पहिला दोन तृतीयांश. रुंदीच्या दोन-तीन पट लांबी. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाईपांना टी आकाराचा जोड, म्हणजे साय पुढे जाणार नाही. आणि प्रत्येक कप्प्यावर माणसाला न वाकता उघडता येईल असं झाकण. वरून फरशी बसवून टाकलेली टाकी कुणी उपसत नाही.

आडव्या प्रवाहाच्या, म्हणजे पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघतं अशा, वाफ्याला थंड हवेत माणशी 5 ते 10 चौरस मीटर लागतात. उष्ण हवेत, आधी नीट निवळलेलं पाणी असेल तर बरंच कमी चालतं. तरी तुमच्या आठशेत ते दाटीवाटीनेच बसेल. पण तुमच्याकडे दोन पुरुषांचा उतार आहे, आणि तो जमिनीपेक्षा मोलाचा आहे. फ्रान्समध्ये लहान गावांसाठी उभ्या प्रवाहाच्या वाफ्यांची, म्हणजे पाणी वरून ओतून तळातून काढायची, एक पद्धत रुळली आहे, तशी हजारो केंद्रं तिथे चालू आहेत. तिच्यात सेप्टिक टाकीच नसते. जाळीतून कचरा अडवायचा आणि मैलापाणी सरळ पहिल्या वाफ्यावर सोडायचं. पहिल्या टप्प्याला तीन वाफे: एकावर तीन-चार दिवस पाणी, मग त्याला आठवडाभर विश्रांती, तोवर पुढच्या दोघांची पाळी. गाळ खडीवरच थर धरतो, वाळतो, हवेत कुजतो. थर वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर चढतो आणि दहा-पंधरा वर्षांनी एकदा काढावा लागतो, तोही कोरडा. त्यात नळ जातीचं उंच गवत लावतात. वाऱ्याने दांडे हलत राहतात आणि थरात भोकं उघडी राहतात. पाणी त्यातूनच मुरतं. दोन्ही टप्पे मिळून माणशी 2 चौरस मीटर. तुमचे झाले सहाशे. पाणी एकदम लोटाने सोडावं लागतं, पण उतार असला की ते सायफनने होतं, वीज लागत नाही.

एवढं वाचून लगेच उड्या मारू नका. या पद्धतीत आठवड्यातून दोनदा कुणीतरी जाऊन झडप फिरवायची असते. लग्न असो, कापणी असो, झडप फिरलीच पाहिजे. तीन महिने एकाच वाफ्यावर पाणी चालू राहिलं की तो गुदमरतो. असा माणूस तुमच्याकडे आहे का, त्याच्या मागे दुसरा कोण, हे आधी ठरवा. असेल तर मी हाच पर्याय निवडेन. नसेल तर सामाईक टाकी, तिच्यापुढे आडवा वाफा, आणि दोन वर्षांनी टाकीचा उपसा. तिथे एखादा आठवडा विसरलात तरी निभावतं.

पंपवाला:

मास्तर, मशीनला एवढं झोडपायचं कारण नाही. जागा नसेल तिथे काय करणार? आम्ही बसवलेलं केंद्र एका खोलीच्या जागेत मावलंय आणि पाणी काचेसारखं निघतं.

गाळमास्तर:

झोडपलं कुठे, अजून नीट नावही घेतलं नव्हतं. आता घेतो.

हवा सोडून जिवाणू पोसायचे आणि तोच जिवंत गाळ फिरवून पुन्हा वापरायचा, ही युक्ती 1914 साली मँचेस्टरला अर्डर्न आणि लॉकेट यांनी जगापुढे मांडली. आज मोठमोठी शहरं त्यावर चालतात, पद्धतीत खोट काढायला मी कोण? पण तिथे रात्रपाळीला माणूस असतो, प्रयोगशाळा असते, जोडीचा ब्लोअर तयार असतो. तीनशे माणसांच्या वस्तीत वीज अर्धा दिवस गेली की गाळ सडू लागतो, वर तरंगतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. वीज आल्यावर सगळं पूर्ववत व्हायला पुन्हा दिवस जातात. आणि जादा गाळ यातही काढावा लागतोच, उलट जास्त वेळा. पंपवालेदादा, तुमच्या केंद्रात रोज कुणी जातं का?

पंपवाला:

जातो ना, मीच जातो. पगारी आहे.

गाळमास्तर:

मग तुमचं चालणारच. ओढ्यावरच्या दादांनो, हे उत्तर जपून ठेवा. मशीनबरोबर एक पंपवालाही ठेवावा लागतो आणि तो माहितीपत्रकात नसतो.

उताराचा_हिशेब:

मी पाईपलाइनचं काम करतो, तेवढंच बोलतो. पाणी साफ करायच्या आधी ते केंद्रापर्यंत न्यायचं कसं, याकडे कुणाचं लक्ष नाही.

पहिली गोष्ट, पावसाचं पाणी वेगळं करा. साठ घरं, एकेका छपराचं क्षेत्रफळ 50 चौरस मीटर धरा, म्हणजे 3,000 चौरस मीटर. एक सेंटीमीटर पाऊस पडला तरी 30 घनमीटर पाणी, तुमच्या दिवसभराच्या सांडपाण्यापेक्षा जास्त, आणि ते तासाभरात येणार. उघडं गटार तसंच ठेवून त्याचं तोंड केंद्राला जोडलंत तर पहिल्याच मोठ्या सरीत टाकीतला गाळ ढवळून वाफ्यात जाईल. उघडं गटार पावसाला राहू द्या, सांडपाण्याला बंद पाईप घाला.

दुसरी, पाईप किती जाड आणि किती उतार? मैला वाहून न्यायचा असेल तर पाण्याला दिवसातून एकदा तरी सेकंदाला 0.6 मीटरच्या आसपास वेग मिळावा लागतो, नाहीतर घाण बसते. साठ घरांच्या पाण्यात तो वेग वरच्या टोकाला मिळणं कठीण. पण ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी आहे त्यांचं पाणी आधीच निवळलेलं असतं. तशाच टाक्या उरलेल्या घरांना, नाहीतर पाच-सहा घरांत मिळून एक, अशा केल्या तर पाईपमध्ये फक्त पाणी वाहतं. मग 100 मिलिमीटरचा पाईप पुरतो, उथळ पुरता येतो आणि उतार कमी-जास्त असला तरी खपतो. मात्र या पाईपला एकाही घराने टाकी वगळून परस्पर संडास जोडता कामा नये. एकाने जोडला की अख्खी लाइन तुंबते, आणि तो कोण हे शोधण्यात वस्तीत भांडणं होतात, अनुभव आहे.

मास्तर, अशा टाक्या आल्या तर तुमच्या फ्रेंच वाफ्याचं काय?

गाळमास्तर:

बरोबर पकडलंत. घरोघरी टाक्या म्हणजे गाळ घरोघरी. मग फ्रेंच पद्धतीचा अर्थ उरत नाही, तिला कच्चं पाणीच हवं असतं. थोडक्यात गाळ कुठे जमवायचा याचीच निवड आहे: साठ टाक्यांत, एका टाकीत की वाफ्याच्या डोक्यावर. त्यांच्याकडे आधीच तीसेक टाक्या आहेत. त्या वापरायच्या तर उपशाची गाडी त्या आळीत शिरते का, ते बघून या. गाडी शिरत नसेल तर टाकीवर भरवसा ठेवू नका.

विहीर_आणि_बाळ:

मी आरोग्याच्या कामातली आहे. मास्तर काकांचं पाणी ओढ्यात जाईपर्यंतचं ठीक आहे, मला त्या पिण्याच्या विहिरीची काळजी वाटते.

शोषखड्ड्यांचा हट्ट धरणाऱ्या गटाला दोन गोष्टी विचारा. भर पावसाळ्यात विहिरीतलं पाणी जमिनीपासून किती खोल असतं? खड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यात दीड-दोन मीटर कोरडी माती हवी, जंतू त्या मातीत मरतात. आणि विहीर किती लांब? सर्वसाधारण नियम 30 मीटरचा आहे, पण तो मातीचा. खाली भेगाळ खडक असेल तर पाणी भेगेतून सरळ जातं, तिथे 30 मीटरला काही अर्थ नाही. साठ घरांचे साठ खड्डे एकाच उतारावर आणि विहिरी उताराच्या पायथ्याशी, हे चित्र मला बिलकूल पसंत नाही. जंतू मातीत अडले तरी नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातल्या नत्रापासून होणारा विरघळणारा क्षार, अडत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला 50 मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. असं पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने तीव्रता वाढते.

शेताचं म्हणाल तर वाफ्यातून निघालेलं पाणी नितळ दिसतं म्हणून फसू नका. जंतांची अंडी डोळ्याला दिसत नाहीत. कच्च्या खायच्या पालेभाज्यांना ते घालू नये. झाडांना, चाऱ्याला, शिजवून खायच्या पिकाला मुळाशी द्या, फवारू नका, आणि काढणीच्या काही दिवस आधी बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1989 च्या मार्गदर्शक तत्त्वांत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकासाठी 100 मिलिलिटरमागे जास्तीत जास्त 1,000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू आणि लिटरमागे जास्तीत जास्त एक जंताचं अंडं अशी अट होती. 2006 ला भर एकाच आकड्यावरून निघून शेतापासून ताटापर्यंत जागोजागी अडथळे ठेवण्यावर आला. अंड्याची अट तशीच राहिली.

गाळमास्तर:

ताई, नायट्रेटचं बरं झालं तुम्हीच सांगितलंत, माझं कुणी ऐकत नाही.

तुमच्या बोलण्यात भर एवढीच: वाफ्यापुढे जागा उरली तर मीटरभर खोलीचं उघडं तळं ठेवा. ऊन आणि वेळ हे दोन्ही जंतूंना मारक आहेत. कडेला गवत माजू देऊ नका, डास कडेच्या गवतातच होतात, मोकळ्या हलत्या पाण्यात कमी. आणि वाफ्यात पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली चार बोटं तरी ठेवायचं, म्हणजे डासाला अंडी घालायला पाणीच मिळत नाही. डास होतात की नाही या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. बाहेर पडणाऱ्या पाईपला वरखाली वळवता येणारा कोपरा बसवा, पातळी त्याने जुळवता येते.

टाकीचा उपसलेला गाळ थेट शेतात टाकू नका. खाली खडी, वर वाळू असा उथळ हौद करून त्यात वीतभर थर पसरला की ऊन चांगलं असेल तर दोनेक आठवड्यांत फावड्याने उचलण्याजोगा होतो. पण वाळला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. 20 अंशांच्या वर तापमान असेल तर आणखी वर्षाहून जास्त, थंड हवेत दीड ते दोन वर्षं झाकून ठेवा, मगच मातीत मिसळा.

आणि हे सगळ्यांसाठी, ठळक वाचा: टाकीत माणूस उतरवायचा नाही. कुणीही, कितीही अनुभवी असो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. काम वरूनच करायचं, पंपाने किंवा लांब दांड्याने, आणि झाकण उघडून जवळपास विडी-काडी नाही, मिथेन असतो.

ओढ्यावरची_आळी:

सगळ्यांचे आभार. आज आम्ही चार जणांनी तुमच्या पोस्टी हातात घेऊन फेरी मारली. उपशाची गाडी आमच्या खालच्या आळीत शिरत नाही, बोळ अरुंद आहे. म्हणजे तिथल्या टाक्या कधीच उपसल्या गेल्या नसणार. पिण्याच्या विहिरीला पावसाळ्यात पाणी हाताने घेता येईल इतकं वर येतं, तेव्हा शोषखड्डेवाले आपणहून गप्प झालेत. मशीनवाले अजून आहेत, पण पगारी माणूस कोण ठेवणार म्हटल्यावर आवाज जरा खाली आलाय.

झडप फिरवायला दोघं तयार आहेत, दोघांची घरं वाफ्याच्या जागेला लागूनच. पण एक शंका: टाकी लवकर चालू व्हावी म्हणून कसलीशी जिवाणूंची पूड मिळते म्हणे, ती घ्यावी का? आणि खालच्या आळीतल्या जुन्या टाक्यांचं काय करू?

गाळमास्तर:

पुडीची गरज नाही. लागणारे जिवाणू माणसाच्या पोटातूनच रोज येतात. त्यांना मारू नका म्हणजे झालं: संडासात फिनेल आणि ॲसिड बादलीने ओतणाऱ्यांना आवरा, आणि स्वयंपाकघराच्या पाईपवर तेल अडवणारा छोटा हौद बसवा, तो दर आठवड्याला साफ करायचा.

दोघं तयार आहेत तर फ्रेंच वाफा धरा. खालच्या आळीतल्या टाक्या लांब नळीच्या पंपाने एकदा पूर्ण उपसा, मग त्या वगळून संडास सरळ नव्या पाईपला जोडा. अर्थात, मग तो पाईप मैला वाहून नेणारा झाला, तेव्हा उताराचा हिशेब यांनी सांगितलेला वेग तिथे मिळतो का ते आधी त्यांच्याकडून तपासून घ्या. रिकाम्या टाक्या मातीने भरून टाका, झाकण घालून तशाच सोडू नका, पोरं खेळतात.

उताराचा_हिशेब:

आळीच्या दोन्ही टोकांची पातळी पाण्याच्या नळीने मोजून पाठवा, मधलं अंतरही. दर चेंबरची पातळी वेगळी लिहा, अंदाजे नको.

ओढ्यावरची_आळी:

रविवारी नळी लावतो. बादलीचं मापही त्याच दिवशी सुरू करू.

गाळमास्तर:

बादली रविवारी नको, त्या दिवशी सगळे घरी असतात आणि कपडे धुतात. एक रविवार घ्या आणि एक मधला वार घ्या. वाफा मोठ्या आकड्यावर बांधायचा.